एका दिवसाची सेवा

आमच्या परिचयातील एक बौद्ध तरुण अमेरिकेत स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेत आहे. त्याचे ख्रिस्ती वर्गमित्र सुटीत आपल्या चर्चच्या वतीने मध्य अमेरिकेतील होन्डुरास देशी सेवाकार्यासाठी निघाले, तेव्हा त्यांनी यालाही आग्रहाने बरोबर नेले. तेथील एका दिवसाचे वर्णन करणारे त्याचे दीर्घ पत्र त्याच्या वडिलांनी आम्हांस वाचावयास दिले आणि विचारले, "मुलाने हे बरे केले की वाईट? आपण बौद्ध झालो आणि हा मिशनवाल्यांबरोबर गेला." आम्हांस त्या क्षणी उत्तर देता आले नाही. ते येथे देत आहोत. कारण हा प्रश्न त्या एका घरापुरता राहिलेला नाही.

पत्रातील दिवस असा. पहाटे प्रार्थना. नंतर बसने डोंगरातील एका वस्तीकडे प्रयाण. तेथे एका विधवेचे घर बांधावयाचे होते. वीस-बावीस तरुण-तरुणी रांगेत उभी राहून सिमेंटचे ठोकळे हातोहात पुढे देत होती. कोणी वाळू चाळीत होते, कोणी घमेली वाहत होते, काहीजण उत्साहाने भिंतही रचीत होते. दुपारी वस्तीतील मुलांना जमवून येशूच्या गोष्टी, गाणी, चेंडूचा खेळ. सायंकाळी निवासस्थानी परतल्यावर प्रत्येकाने आज आपणांस काय लाभले ते सांगावयाचे. सांगताना बहुतेकांचे डोळे पाणावले. मुलगा लिहितो, "यांत ढोंगी एकही नव्हता." हे वाक्य आम्ही मुद्दाम येथे देतो, कारण दुसऱ्याच्या धर्माविषयी लिहिताना लेखणी सहज घसरते.

परंतु त्याच पत्रात आणखी एक प्रसंग आहे. बस सुटण्यापूर्वी विसरलेली पाण्याची बाटली आणण्यास हा परत गेला. पाहतो तो गावचा गवंडी ओळंबा लावून, त्यांनी दिवसभर रचलेल्या भिंतीचे वरचे दोन थर उतरवीत होता. त्याने याच्याकडे पाहून स्मित केले आणि ओठांवर बोट ठेवले. घराची धनीण बाजूस उभी होती. तिला दिवसभरात कोणी काही विचारले नव्हते. स्पॅनिश जाणणारा दुभाषी एकच, आणि तो मुलांना गोष्टी सांगण्यात गुंतला होता. म्हणजे जिच्यासाठी एवढे लोक समुद्र ओलांडून आले, ती एकटीच त्या दिवशी मुकी राहिली!

अशा यात्रा अपवादात्मक नाहीत. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाउ यांच्या २००५ सालच्या पाहणीवरून, दरवर्षी अमेरिकेतील सुमारे १६ लाख चर्च-सदस्य अल्प मुदतीच्या सेवेसाठी परदेशी जातात, असा अंदाज बांधण्यात आला होता. होन्डुरास हे त्यांचे एक आवडते ठिकाण. १९९८ च्या ऑक्टोबरअखेर मिच या चक्रीवादळाने तो देश उद्ध्वस्त केला आणि घरे बांधण्यासाठी तुकड्यांमागून तुकड्या येऊ लागल्या. त्या देशात वास्तव्य करून असलेले कर्ट व्हर बीक या ख्रिस्ती समाजशास्त्रज्ञाने या कामाचा हिशेब मांडला. परदेशी तुकडीने बांधलेले घर प्रवासखर्च धरून सुमारे ३०,००० डॉलरांस पडे. तसलेच घर स्थानिक ख्रिस्ती संस्था तेथीलच माणसांच्या हातून सुमारे २,००० डॉलरांत उभे करी. एका घराच्या पैशांत पंधरा घरे! ज्यांना घरे मिळाली त्यांच्याही जीवनात, घर कोणी बांधले यावरून काही अंतर पडलेले त्यांना आढळले नाही. सेवेकऱ्यांनी, परतल्यावर आपले दान वाढले असे सांगितले. पण देणग्यांच्या नोंदी तपासता ती वाढ फारशी दिसली नाही.

येथे कोणी म्हणेल, ख्रिस्त्यांचा हिशेब ख्रिस्ती पाहतील. खरे आहे, आणि त्यांनी तो पाहिलाही आहे. इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूने १९६८ च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे अमेरिकन विद्यार्थी सेवकांना तोंडावर सांगितले की, येथे पाहावयास या, शिकावयास या, पण मदत करण्यास येऊ नका. आपल्याच लोकांच्या सभेत असे बोलण्यास धैर्य लागते. आमच्या सभांतून ते क्वचितच दिसते.

परंतु या प्रश्नाशी आमचा संबंध अधिक जवळचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही घेणाऱ्याच्या बाजूस उभे होतो. वरून टाकलेले घ्यावयाचे आणि घेताना तोंड प्रसन्न ठेवावयाचे, हे आमच्या आज्यांना कोणी शिकवावे लागले नाही. त्या विधवेच्या मौनाचा अर्थ पत्र वाचताना आम्हांस कोणी समजावून सांगावा लागला नाही.

मिशनचे कार्य म्हणजे केवळ एवढेच असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ती कृतघ्नता होईल. मिस सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईस आली आणि १८६२ साली अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे वारली. मधल्या काळात एकदा मायदेशी जाऊन आली, तेवढेच. तिची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात स्वतःची काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे तिच्याकडे घेतले. ती बाई धर्मप्रसारासाठीच आली होती यात शंका नाही. पण ती येथील भाषा शिकली, येथे राहिली, आणि तिच्या हातची विद्या तिच्या धर्मात न गेलेल्या माणसांच्या हाती जाऊन पुढे चालली. देणाऱ्याच्या इच्छेवाचूनही पुढे चालते, ती विद्या. भिंतीचे तसे होत नाही.

आणि होन्डुरासमध्येच दुसरीही सेवा आहे. व्हर बीक यांनी सहकाऱ्यांसह १९९८ साली न्यायासाठी झगडणारी एक ख्रिस्ती संस्था तेथे स्थापन केली. तिचे वकील दिओनिसिओ दियाझ गार्सिया खासगी कंपन्यांत राबणाऱ्या पहारेकऱ्यांचे खटले चालवीत. ४ डिसेंबर २००६ रोजी तेगुसिगाल्पा या राजधानीत त्यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. घर बांधून देणाऱ्यास कोणी गोळी घालीत नाही. पहारेकऱ्याच्या बुडविलेल्या पगाराचा हिशेब मागणाऱ्यास घालतात. त्या संस्थेने सफाई कामगारांच्या हक्कांचाही प्रश्न हाती घेतला होता, आणि तो प्रश्न काय असतो हे आमच्या वाचकांपैकी कितीतरी घरांस ठाऊक आहे.

आज आमच्यातही सुस्थितीत असलेली माणसे पुष्कळ झाली आहेत. १४ एप्रिलला आमचे डॉक्टर वस्त्यांत एक दिवसाची शिबिरे घेतात. आमचे विद्यार्थी वह्या वाटतात, छायाचित्रे काढतात, सायंकाळी परत जातात. त्यांनी हे बंद करावे असे आम्ही सुचवीत नाही. पण त्या वस्तीत सरकारी दवाखाना आहे काय, तेथे डॉक्टर येतो काय, येत नसल्यास अर्ज कोणी लिहावयाचा, हे शिबिराच्या आदल्या आठवड्यात वस्तीतील बायांस विचारावे आणि त्या म्हणतील ते आधी करावे. शिबिर एखादे वर्ष राहिले तरी चालेल. हे बोलणे कित्येक कार्यकर्त्यांना रुचणार नाही याची आम्हांस कल्पना आहे. पायावर उभे राहिलेल्या माणसाला पहिला मोह आपणही दाता व्हावे हाच होतो.

त्या वडिलांना आम्ही कळविले की, मुलगा गेला यात काही वाईट झाले नाही. ठोकळा कोणाच्या रांगेत उभे राहून उचलला याने धम्म बाटत नाही. बाटली घेण्यास तो परत गेला हे मात्र फार बरे झाले. पुढच्या सुटीत वर्गमित्र पुन्हा निघणार आहेत. यंदा त्याने विमानभाड्याची रक्कम बाजूस काढली असून दुभाष्यास पत्र घातले आहे: त्या गवंड्याचे नाव काय, त्याची दिवसाची मजुरी किती, आणि त्या वस्तीत आधी काय हवे असे त्या बाईचे म्हणणे आहे. उत्तर अद्याप यावयाचे आहे.