गिअरबॉक्स उतरवण्याआधी

दहा-बारा वर्षं वापरलेली ऑटोमॅटिक गाडी गॅरेजमध्ये येते, तेव्हा तक्रार साधारण ठरलेली असते. ‘डी’ला टाकलं की धाडकन धक्का बसतो. दुसऱ्यावरून तिसरा पडताना गाडी झटका मारते. सकाळी रिव्हर्स घ्यायला दोन-तीन सेकंद लागतात. त्यावर मिस्त्रीचं एकच वाक्य येतं: गिअरबॉक्स गेला. मग खर्चाचा आकडा सांगितला जातो आणि तो ऐकून गाडी दुरुस्त करावी की विकून टाकावी, याचाच विचार मालक करू लागतो.

या घाईचं मूळ हिशेबात आहे. आपल्याकडे मालकाला तपासणी फुकट हवी असते, पैसे तो पार्टचे देतो. गॅरेजवाल्याने दोन तास ट्रायल घेतली, स्कॅनर लावला, वायरी मोजल्या आणि ‘फक्त प्लग गळतोय’ असं सांगितलं, तर त्या दोन तासांचं त्याला काहीच मिळत नाही. गिअरबॉक्स उतरवला तर मिळतं. जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं निदान हे स्वतंत्र काम आहे आणि त्याची मजुरी मालकाने वेगळी द्यायला हवी. मोठ्या दुरुस्तीच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ असते.

मर्सिडीजचा ७२२.६ हा पाच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पाहा. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तो बाजारात आला. पुण्यात जुळणी झालेल्या ई-क्लास (डब्ल्यू २१०) आणि सी-क्लास (डब्ल्यू २०३) या पिढ्यांमध्ये तो होता. महिंद्राने २०१२ मध्ये आणलेल्या रेक्स्टनच्या ऑटोमॅटिक मॉडेललाही मर्सिडीजचाच पाच गिअरचा बॉक्स होता. ७२२.६च्या आत, व्हॉल्व्ह बॉडीवर, एक कंडक्टर प्लेट असते आणि वेग मोजणारे सेन्सर तिच्यावरच असतात. तिथून बाहेर येणाऱ्या वायरी तेरा पिनांच्या एका गोल प्लगमधून जातात. या प्लगच्या रबरी ओ-रिंगा वयाने कडक होतात आणि तेल झिरपू लागतं. जे खाली ठिबकतं ते दिसतं. पण काही तेल वायरींच्या आतून, केशाकर्षणाने चढत, थेट गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं. मग गिअर वेडेवाकडे पडतात किंवा गाडी लिंप मोडमध्ये जाऊन दुसऱ्या गिअरमध्येच अडकते.

अशा वेळी आतल्या क्लच प्लेटा ठणठणीत असू शकतात. प्लगचा नवा अ‍ॅडॉप्टर, कनेक्टरची सफाई, कमी झालेलं तेल आणि फार तर कंडक्टर प्लेट, एवढ्यात काम भागतं. ते न तपासता कुर्ल्याच्या जुन्या पार्टांच्या बाजारातून दुसरा गिअरबॉक्स आणून बसवला, तरी वायरिंग आणि कंट्रोल युनिट जुनंच राहतं. झटका परत येतो.

म्हणून तपासणीला क्रम हवा. पहिला प्रश्न, गाडीत नेमका कोणता ऑटोमॅटिक आहे? होंडा सिटीचंच पाहा. झेडएक्सला सीव्हीटी होता, २००८ साली आलेल्या सिटीला टॉर्क कन्व्हर्टरवाला पाच गिअरचा बॉक्स आणि २०१४ च्या सिटीला पुन्हा सीव्हीटी. २०१४ मध्येच आलेल्या मारुती सेलेरिओचा एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर टाकण्याचं काम यंत्राकडे. त्याचा झटका क्लचची झीज, अ‍ॅक्च्युएटर आणि कॅलिब्रेशन यांत शोधायचा. टॉर्क कन्व्हर्टरचे नियम त्याला लागू नाहीत.

दुसरा प्रश्न तेलाचा. पातळी, रंग, वास आणि जात, या चारही गोष्टी पाहायच्या. पातळी मोजायची पद्धत गाडीगणिक बदलते. पाच गिअरच्या सिटीसारख्या होंडा गाड्यांमध्ये इंजिन पूर्ण गरम करून, बंद करून, साधारण मिनिट-दीड मिनिटाच्या आत पट्टी बघतात. ७२२.६ मध्ये इंजिन चालू ठेवून, तेल ८० अंश सेल्सिअसला पोचल्यावर, गॅरेजकडच्या खास पट्टीने मोजावं लागतं. थंड गाडीत घाईने केलेला टॉप अप तेल जास्त भरून ठेवतो आणि नवा बिघाड ओढवून घेतो. बहुतेक गाड्यांत तेल ताजं असताना लाल असतं. काळपट झालं आणि करपल्याचा वास आला, तर क्लच प्लेटा जळू लागल्या आहेत. गुलाबी दुधाळ दिसलं, तर रेडिएटरमधल्या ऑइल कूलरला आतून भोक पडून कूलंट तेलात मिसळतंय, आणि तशी गाडी पुढे एक किलोमीटरही चालवू नये. लाल दिसणारं प्रत्येक तेल मात्र एक नसतं. ह्युंदाईचं एसपी-३, टोयोटाचं डब्ल्यूएस आणि सीव्हीटीची तेलं एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

तेलाची जात किती महत्त्वाची, हे फोक्सवॅगनने २०१३ मध्ये दाखवून दिलं. सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीमध्ये, उष्ण आणि दमट हवेत, सतत थांबत-चालत जाणाऱ्या रहदारीत सिंथेटिक तेलामुळे विद्युत बिघाड होऊ शकतो, असं लक्षात आल्यावर कंपनीने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांमध्ये ते काढून मिनरल तेल भरायचा निर्णय घेतला. हे वर्णन मुंबईच्या जून महिन्याला तंतोतंत लागू पडतं.

तिसरा टप्पा ट्रायलचा. मालकाने शेजारी बसायचं आणि झटका थंड गाडीत येतो की गरम, चढाला की सपाटीला, हलक्या पायाने की जोरात दाबल्यावर, हे दाखवायचं. ६० ते ८०च्या वेगात, हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर, रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथर होत असेल, तर मोकळ्या रस्त्यावर एक सोपी चाचणी करता येते. अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकच्या पेडलला डाव्या पायाने जेमतेम स्पर्श करायचा. ब्रेकचा स्विच लागला की बहुतेक गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली, तर संशय त्या लॉकअपवर आणि तेलावर. थांबली नाही, तर आधी स्पार्क प्लग आणि कॉइल तपासा, कारण इंजिनाचं मिसिंगही असंच जाणवतं. ‘डी’ला टाकताना बसणारा धक्का अनेकदा फाटलेल्या इंजिन माउंटिंगचा किंवा थ्रॉटल बॉडीत कार्बन साचून वाढलेल्या आयडलचा असतो. कमकुवत बॅटरी आणि गंजलेलं अर्थिंगही सोलेनॉइडला चकवतं.

स्कॅनर लावायचा तोही नीट. ‘पी ०७००’ हा कोड एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटची काहीतरी तक्रार आहे. ती तक्रार त्या युनिटमधूनच वाचावी लागते आणि फक्त इंजिन वाचणारं स्वस्त यंत्र तिथे पोचत नाही. चालत्या गाडीत इनपुट आणि आउटपुट शाफ्टचे वेग शेजारी-शेजारी पाहिले, की कोणत्या गिअरला क्लच घसरतोय हे आकड्यांत कळतं. इतकं झाल्यावर प्रेशर मोजायचं, ऑइल पॅन उघडायचा. चुंबकावर राखाडी मऊ लेप असणं नेहमीचं आहे. धातूचे चकचकीत तुकडे दिसले, तर मात्र गिअरबॉक्स उतरवणं योग्यच.

‘जुन्या ऑटोमॅटिकचं तेल बदललं की तो मरतो’ हा समज गॅरेजांमध्ये खोल रुजलेला आहे. त्यात कार्यकारणाची उलटापालट आहे. लोक तेल बदलतात तेच झटके सुरू झाल्यावर. तोवर क्लच घसरू लागलेले असतात. अनेक कार कंपन्यांनी तेल आयुष्यभराचं असल्याचं सांगितलं, पण बीएमडब्ल्यूसह अनेकांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं, यांपैकी जे आधी येईल तेव्हा तेल बदलायला सांगते. गॅरेजने मशिनने जोरात फ्लश करू नये. तेल नुसतं सोडून, फिल्टर बदलून तितकंच भरणं हा जुन्या गाडीसाठी सावध मार्ग आहे.

गाडी सोडताना मालकाने निदानाची मजुरी कबूल करावी आणि चार गोष्टी लेखी मागाव्यात: तेलाची स्थिती आणि जात, कंट्रोल युनिटमधले कोड, ट्रायलमध्ये झटका कधी आला त्याची नोंद, आणि माउंटिंग, बॅटरी व वायरिंग तपासल्याचा उल्लेख. हा कागद हातात पडला, की दुसऱ्या गॅरेजचं मतही त्याच माहितीवर घेता येतं. तो मिळेपर्यंत गिअरबॉक्स उतरवायला परवानगी देऊ नये.