शहरातील भाजीपाला आणि जमिनीची शाश्वती

लहान क्षेत्रावरील भाजीपाल्याचे यश बियाणे, खते आणि ठिबक सिंचन यांवर अवलंबून असते, असे आपण गृहीत धरतो. माझ्या मते जमिनीची शाश्वती आणि स्वच्छ पाणी या दोन गोष्टी त्याहून अधिक निर्णायक आहेत.

दिल्लीतील यमुनेच्या खादरचे उदाहरण घ्या. पुराने आणलेला गाळ सुपीक आणि बाजार हाकेच्या अंतरावर. पालक, मेथी, मुळा महिना-दीड महिन्यात काढणीला येतात व ताज्या विकल्या जातात. ही जवळीक हेच लहान शेताचे भांडवल होय. परंतु पुढील वर्षी जमीन हाती राहील की नाही, हे ज्याला ठाऊक नाही, तो मातीचा कस वाढविण्यासाठी पैसा का घालील?

२०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने, यमुना स्वच्छ होईपर्यंत, पूरक्षेत्रात खाद्यपिके घेण्यास मनाई केली. पालेभाज्या शिसे व कॅडमियम शोषून घेतात. तेव्हा ग्राहकाच्या दृष्टीने ही चिंता रास्तच आहे. मात्र नजफगढ नाल्यातून नदीत येणारी घाण त्या शेतकऱ्याची नव्हे. प्रदूषणाचा खर्च प्रदूषण करणाऱ्याने सोसावा, असे अर्थशास्त्र सांगते. येथे तो भाजी पिकविणाऱ्याच्या माथी आला.

प्रशासनाने प्रथम सांडपाणी रोखावे, माती व पाणी तपासून निष्कर्ष जाहीर करावेत आणि जेथे ते निर्दोष ठरतील, तेथे किमान पाच वर्षांचा लेखी करार द्यावा. तोवर फुलशेतीसारख्या अखाद्य पिकांसाठी साहाय्य देणे हेही शासनाचेच कर्तव्य ठरते.