ॲम्प्लिफायरला फ्यूज असतो, कानाला नसतो

हा अनुभव तुम्हालाही आला असेल. रात्री लांबचा प्रवास करून घरी येता, गाडी लावता आणि झोपता. सकाळी गाडी सुरू करताच गाणं इतक्या मोठ्याने वाजतं की तुम्ही दचकता आणि घाईघाईने आवाज कमी करता. मनात येतं, एवढा आवाज कोणी करून ठेवला? तुम्हीच. काल रात्री तोच आवाज तुम्हाला बरोबर वाटत होता.

याची कारणं दोन. एक, धावत्या गाडीत टायरचा, वाऱ्याचा आणि इंजिनाचा आवाज असतो, त्याच्या वर गाणं ऐकू यावं म्हणून आपण आवाज चढवत जातो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. दोन-तीन तास मोठा आवाज ऐकून कान तात्पुरते मंदावतात आणि मंदावलेल्या कानाला मोठा आवाजही कमीच वाटतो. रात्रभराच्या शांततेनंतर कान पूर्ववत होतात, म्हणून सकाळी दचकायला होतं. ते दचकणं म्हणजे तुमच्या कानांनी केलेली तक्रार आहे. आपण ती हसून सोडून देतो.

आज थोडं स्पष्ट बोलणार आहे. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा. आपण गाडीतल्या म्युझिक सिस्टिमची जेवढी काळजी घेतो, त्याच्या निम्मीही त्या सिस्टिमसमोर बसणाऱ्या माणसांची घेत नाही. माझ्या पिढीला आठवत असेल, चोरी होऊ नये म्हणून गाडीतल्या स्टिरिओचं पुढचं पॅनेल काढून, छोट्या डबीत घालून आम्ही खिशात घेऊन फिरायचो. पॅनेल जपलं. कान कोणी जपले?

कानात नेमकं काय होतं?

आतल्या कानात शंखाच्या आकाराचा, वाटाण्याएवढा एक अवयव असतो, त्याला कॉक्लिया म्हणतात. प्रत्येक कानातल्या कॉक्लियात सुमारे 15,000 केसपेशी असतात. आवाजाच्या लहरींनी त्यांची टोकं हलतात आणि त्या हालचालीचा संदेश नसेवाटे मेंदूला जातो. ऐकणं म्हणजे एवढंच.

गवतावरून एकदा चालून गेलात तर ते वाकतं आणि दुसऱ्या दिवशी उभं राहतं. रोज चाललात तर तिथे पायवाट होते. केसपेशींचंही तसंच होतं. मोठ्या आवाजाने त्या थकतात आणि विश्रांतीने सावरतात. रोजच्या माऱ्याने मरतात. माणसात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. त्यासाठी गोळी नाही, थेंब नाहीत, ऑपरेशन नाही. स्पीकरचा कोन फाटला तर दुकानात नवा मिळतो, कॉक्लियाचा सुटा भाग कुठेच मिळत नाही.

कानाला थोडं संरक्षण आहे, हे खरं. मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक चिमुकला स्नायू आवळला जातो आणि आत जाणारा आवाज थोडा अडवतो. पण ही मदत तोकडी असते आणि सलग आवाजात स्नायू थकतो. फ्यूज तार वितळवून प्रवाह पूर्ण तोडतो. कानात तसं काही नाही. आवाज आत येतच राहतो.

या नुकसानीची सुरुवात साधारण 4,000 हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांपासून होते. आपल्या बोलण्यातले स, श, त, फ यांसारखे बारीक आवाज बहुतांशी याच वरच्या पट्ट्यात असतात. त्यामुळे रुग्ण “ऐकू येत नाही” असं म्हणत नाही. तो म्हणतो, “आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत.” सात, हात, भात सगळं सारखंच वाटायला लागतं. टुरिस्ट गाडी चालवणारे एक गृहस्थ माझ्याकडे बीपीसाठी यायचे. वय अजून चाळिशीच्या आतलं. तक्रार त्यांची नव्हतीच, सोबत आलेल्या बायकोची होती: “डॉक्टर, हे टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारचे बोलतात.” ऑडिओग्राम काढला, तर दोन्ही कानांत बरोबर त्या जागी खड्डा. “आता काय गोळी देता?” असं त्यांनी विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

किती आवाज, किती वेळ?

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सोपा आहे. प्रौढ माणसाने आठवड्याला 80 डेसिबल आवाज 40 तास ऐकला तर चालतो. त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 85 डेसिबलला आठवड्याचे साधारण साडेबारा तास, 90 ला 4 तास, 95 ला सव्वा तास आणि 100 ला जेमतेम 20 मिनिटं. लक्षात घ्या, दिवसाची नाही, आठवड्याची. लहान मुलांसाठी मर्यादा 75 डेसिबलपासून सुरू होते.

आता तुमचा हिशेब करा. हडपसरहून हिंजवडीला जायला एक तास आणि यायला एक तास धरा. आठवड्याचे सहा दिवस म्हणजे 12 तास. गाडीत 85 डेसिबलने गाणी लावत असाल तर आठवड्याचा सगळा साठा गाडीतच संपला. मग इअरफोन, लग्नातला डीजे, मिरवणूक, हे सगळं उधारीवर. ही उधारी साठीत वसूल होते.

नेहमीची उत्तरं

“मला सवय आहे.” आवाजाची सवय कानाला होत नसते. आधी जो आवाज टोचायचा तो आता टोचत नसेल तर ऐकण्याची ताकद कमी झाली असण्याची शक्यता आहे. सवय सांगू नका, तपासणी करून घ्या.

“बेसने कानाला काही होत नाही.” तेवढ्याच डेसिबलला खालचे स्वर कानाला कमी इजा करतात, हे मान्य. पण बेस वाढवला की गाण्याचे शब्द दबतात, शब्द ऐकू यावेत म्हणून आपण एकूण आवाज वाढवतो आणि मग नुकसान होतंच. 2004 मध्ये ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात बेल्जियमच्या डॉक्टरांनी मोठ्या संगीताच्या आवाजात फुप्फुसाभोवती हवा शिरलेल्या चार रुग्णांची नोंद केली. त्यांतल्या एका तरुणाने गाडीत 1,000 वॅटचा बेस बॉक्स बसवला होता. हे अतिशय दुर्मीळ आहे, उद्या तुम्हाला होईल असं मी म्हणत नाही. पण छातीत धडधडणारा बेस म्हणजे फक्त गंमत, असंही कोणी सांगू नये.

“मोठा आवाज नसेल तर झोप येते.” हे उत्तर सगळ्यांत घातक. संगीताने झोप जात नाही, काही मिनिटं लपते आणि तुम्ही जागे आहात असा खोटा भरवसा येतो. डोळे जड झाले की गाडी सुरक्षित जागी थांबवा, 15-20 मिनिटं झोपा, चहा घ्या, किंवा दुसऱ्याला चालवू द्या. पापणी मिटायला लागलेल्या माणसाला कोणताही सबवूफर वाचवत नाही.

“कंपनीनेच एवढा आवाज दिलाय ना?” गाडीच्या मीटरवर 180 चा आकडाही कंपनीनेच दिलेला असतो.

मागच्या सीटवर कोण बसतं?

आता सर्वांत जास्त चीड आणणारा मुद्दा. छोट्या गाडीच्या मागच्या ट्रेवर सहा बाय नऊचे दोन स्पीकर बसवलेले असतात. त्यांच्यापुढे हातभर अंतरावर कोणाचं डोकं असतं? मुलांचं. बाबा पुढे बसून “मागे आवाज नीट येतोय ना रे?” असं विचारतात. पुढच्यापेक्षा मागे आवाज जास्तच असतो आणि मुलाला आवाज कमी करायचं बटण मिळत नाही. तान्हं बाळ तर रडण्यापलीकडे काही सांगू शकत नाही आणि ते रडलं की आपण गाणं आणखी मोठं करतो.

याच ट्रेचा दुसरा धोका आवाज बंद असतानाही असतो. बहुतेक छोट्या गाड्यांमधला हा ट्रे दोन खुंट्या आणि दोन दोऱ्यांवर टेकलेला असतो, म्हणजे हाताने उचलून काढता येतो. त्यावर दीड-दोन किलोचे स्पीकर. डिकीत सुटी ठेवलेली दहा-पंधरा किलोची बेसट्यूब. 50 किमी वेगाची गाडी आदळून थांबते, पण सुटी वस्तू त्याच वेगाने पुढे जात राहते. हा वेग सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडणाऱ्या वस्तूएवढा आहे. तिसऱ्या मजल्यावरून पडणारी बेसट्यूब डोक्यावर घ्याल का? मुलाला सीटबेल्ट लावता, मग पेटीला पट्टा का नाही?

वायर, फ्यूज आणि एअरबॅग

मी इलेक्ट्रिशियन नाही. पण भाजलेले रुग्ण पाहिलेले आहेत, म्हणून ॲक्सेसरीच्या दुकानात उभं राहून या गोष्टी बघून घ्या:

- ॲम्प्लिफायरची मुख्य वायर थेट बॅटरीवरून येत असेल तर फ्यूज बॅटरीजवळ, दीड फुटाच्या आत हवा. फ्यूजच्या अलीकडच्या वायरला काहीच संरक्षण नसतं.
- फ्यूज उडाला तर कारण शोधा. मोठा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावणं म्हणजे आगीला आमंत्रण.
- इंजिनाकडून आत येणारी वायर पत्र्याच्या भोकातून जाते. तिथे रबराचं वायसर नसेल तर पत्र्याची धार वायर कापते.
- डिकीत सीएनजीची टाकी असेल तर पेटी आणि वायरी टाकीला व तिच्या नळ्यांना लागून ठेवू नका.
- छतालगत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल तर पुढच्या काचेशेजारच्या खांबावर ट्विटर ठोकू नका. सीटखालचे पिवळे कनेक्टर सहसा एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू देऊ नका.
- मूळ वायरिंग कापू नका, कपलर वापरायला सांगा. उंदराने कुरतडलेली वायर टेप गुंडाळून चालवू नका.

आणखी एक. बंद गॅरेजमध्ये किंवा हवा न खेळणाऱ्या पार्किंगमध्ये इंजिन व एसी चालू ठेवून गाणी ऐकत बसू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी आणि मग कायमची झोप.

मग गाणी ऐकायचीच नाहीत का?

ऐका की! गाण्याशिवाय ट्रॅफिक मलाही सहन होत नाही. फक्त एवढं करा:

1. गाडी उभी असताना, काचा बंद करून आवाज ठरवा. शेजारच्याशी आवाज न चढवता बोलता आलं पाहिजे. रस्त्यात तो वाढवत नेऊ नका.
2. आवाज कमी वाटला तर आधी काच बंद करा, मग बटणाकडे जा.
3. सिस्टिमच्या सेटिंगमध्ये सुरुवातीच्या आवाजाची मर्यादा किंवा वेगानुसार आवाज कमी-जास्त होण्याची सोय असेल तर ती लावून ठेवा.
4. मुलं मागे असतील तर आवाजाचा तोल पुढच्या स्पीकरकडे वळवा.
5. मोबाईलवरची आवाज मोजणारी ॲप्स अंदाजच देतात, पण एकदा गाडी उभी करून मोजा. अंदाजानेही डोळे उघडतात.
6. गाणं निघण्याआधी निवडा. 60 च्या वेगात तीन सेकंद स्क्रीनकडे पाहिलंत तर 50 मीटर रस्ता न बघता पार केलात.
7. मागून 108 चा सायरन ऐकू यायला हवा. त्या रुग्णवाहिकेत कधीतरी आपलंही माणूस असतं.
8. लांबच्या प्रवासात दर तासाला दहा मिनिटं शांतता. कानालाही टपरी लागते.
9. स्क्रीन कोरड्या मऊ फडक्याने पुसा, त्यावर सॅनिटायझर फवारू नका. आणि कानात गाडीची किल्ली घालू नका. हसू नका, रोज बघतो.

कानात सतत शिट्टी किंवा गुणगुण येत असेल, गर्दीत बोलणं कळत नसेल, घरचे टीव्हीवरून ओरडत असतील, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ऑडिओग्राम करून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं तर मात्र “मळ असेल” म्हणून तेल घालत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. काही प्रकारांत उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोग होतो.

गाडी सात-आठ वर्षांत विकाल, सिस्टिम त्याआधीच जुनी वाटेल. कान मात्र नातवंडांचे बोबडे बोल ऐकेपर्यंत पुरवायचे आहेत. उद्या सकाळी गाडी सुरू केल्यावर दचकलात, तर आवाज कमी करा आणि संध्याकाळी पुन्हा वाढवू नका.