उठून बसले की डोके दुखते? दुर्लक्ष नको

सिझेरियन होऊन दोन दिवस झालेले असतात. बाळाला पाजायला बाई उठून बसते आणि कपाळापासून मानेपर्यंत डोके ठणकू लागते. आडवी झाली की थोड्या वेळात बरे वाटते. घरातले म्हणतात, 'वारा लागला', 'कान बांधले नाहीत'. इंदिरानगरचा फ्लॅट असो वा सुरगाण्याचा पाडा, निदान तेच! खरे कारण वेगळे असते.

कमरेखालचा भाग बधिर करण्यासाठी मणक्यातून बारीक सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात औषध सोडतात. सुईने आवरणाला पडलेले छिद्र लगेच बुजले नाही तर ते पाणी झिरपत राहते, दाब घटतो आणि बसल्यावर डोके दुखते. १८९८ मध्ये जर्मनीत ही भूल पहिल्यांदा वापरणाऱ्या ऑगस्ट बिअर यांनी स्वतःवर प्रयोग करून घेतला, तेव्हा त्यांनाही ही डोकेदुखी अनेक दिवस सोसावी लागली होती. वेदनारहित प्रसूतीसाठीच्या एपिड्युरलमध्ये सुई जाड असते. ती आवरण भेदत नाही. पण चुकून भेदले गेलेच, तर निम्म्याहून अधिक जणींना हा त्रास होतो.

बहुतेकींचे दुखणे एक-दोन आठवड्यांत थांबते. तोवर डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि बेताचा चहा-कॉफी एवढे पुरते. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची आपली जुनी रीत इथे नडते. दिवसभर सक्तीने झोपवून ठेवल्याने दुखणे टळत नाही. त्रास झाला तर पडावे, एवढेच.

एवढ्यानेही बाई बसूच शकत नसेल, तर 'होईल कमी' म्हणून घरी पाठवणे मला मान्य नाही. तिच्याच हातातून सुमारे २० मिलिलिटर रक्त काढून मणक्यातील त्या छिद्राजवळ सोडले की ते गोठून छिद्र बुजते. याला ब्लड पॅच म्हणतात. १९६० पासून हा उपाय माहीत आहे. अनेकींना काही तासांतच आराम पडतो. क्वचित तो पुन्हा करावा लागतो. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना तो करत नाहीत. कमरेत पुन्हा सुई म्हटले की नातेवाईक घाबरतात, ते समजण्यासारखे आहे. पण समजावून सांगायला दहा मिनिटे काढणे हे आमचे काम आहे.

मात्र बाळंतपणानंतरची प्रत्येक डोकेदुखी सुईमुळे नसते. झोपूनही दुखत असेल, ताप, झटका, अंधुक दिसणे, हातापायात अशक्तपणा किंवा वाढलेला रक्तदाब असेल, तर मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी किंवा बाळंतपणातील रक्तदाबाचा आजार असू शकतो. तेव्हा एक तासही घालवू नये. १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे.

माझ्या दोन मागण्या साध्या आहेत. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयात पेन्सिलीसारख्या टोकाच्या बारीक सुया असाव्यात. त्यांनी हा त्रास बराच कमी होतो. आणि डिस्चार्ज कार्डावर एक ओळ छापावी: 'बसल्यावर डोके दुखले तर परत या.' बाळाला बघायला घरी येणाऱ्या आशाताईंनीही आईला एवढा एक प्रश्न विचारावा. बाळाचे वजन सगळे विचारतात. आईचे डोके कुणी विचारत नाही.