पंचवीस मीटर कोण मोजतो?

आपल्या सभासदांपैकी बरेच जण साठी ओलांडलेले आहेत, आणि पेडणे-डिचोलीकडचे असल्यामुळे अजून स्वतः गाडी चालवतात. म्हणून हा विषय.

चालकाची नजर कशी असावी याचा नियम आपल्याकडे आहे आणि तो सोपा आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या फॉर्म १ मध्ये विचारले जाते की चांगल्या उजेडात, लागत असेल तर चष्मा लावून, २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट प्रत्येक डोळ्याने ओळखता येते का? प्लेटवरची अक्षरे ६५ मिलिमीटर उंच असतात. हिशेब केला तर डॉक्टरांच्या तक्त्यावर ही नजर ६/१२ पेक्षा थोडी चांगली भरते. निकष वाईट नाही. ब्रिटनमध्ये अंतर २० मीटर आहे, पण तिथे परीक्षक आधी प्लेट वाचून घेतो आणि वाचता आली नाही तर पुढची चाचणी होतच नाही.

आपल्याकडे खासगी वाहनासाठी चाळिशीपर्यंत अर्जदार स्वतःच 'होय' लिहितो. चाळिशीनंतर, आणि टॅक्सी-ट्रकसाठी कोणत्याही वयात, फॉर्म १-अ म्हणजे डॉक्टरांचा दाखला लागतो. अर्जदाराला आपण स्वतः तपासले आणि त्याच्या दूरच्या नजरेकडे विशेष लक्ष दिले, असे डॉक्टर त्यात लिहून देतात.

माझ्या गेल्या नूतनीकरणाच्या वेळी हे काम दोन मिनिटांत उरकले. डॉक्टरांनी मान वर न करता शिक्का मारला. मलाही घाई होती, मीही काही बोललो नाही. 'माझ्यासमक्ष सही केली' या शेऱ्याचा अर्थ काय, हे बँकेत मी नव्या मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. म्हणून ते मनाला लागून राहिले. एका सकाळी देवळाच्या आवारात शेजाऱ्याच्या गाडीपासून टेपने २५ मीटर मोजले. दोन्ही डोळ्यांनी क्रमांक वाचता आला. उजवा डोळा झाकला तर प्लेट नुसती पांढरी. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्नच्या पुढच्या माणसाचे लायसन्स ५ वर्षांसाठी नवे होते, तिशी ते पन्नाशीतल्याचे १० वर्षांसाठी. पेन्शनर जिवंत आहे की नाही हे मात्र दर नोव्हेंबरला विचारले जाते! २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक निघाले. मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब होतो तेव्हा सुरुवातीला काहीच कळत नाही. काचबिंदूत तर बाजूची नजर आधी जाते, समोरचे बराच काळ दिसत राहते. असा माणूस २५ मीटरची चाचणी खरोखर घेतली तरी पास होईल. शिवाय ही चाचणी दिवसाच्या उजेडातली. २०२३ च्या जानेवारीत मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्यात टॅक्सी रात्री-अपरात्री धावतात, आणि डिचोलीत खनिजाचे ट्रक पुन्हा रस्त्यावर आले आहेत.

शरीराने असमर्थ असताना वाहन चालवल्यास कलम १८६ खाली पहिल्या वेळी १,००० आणि पुढे २,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पण रस्त्यावर पोलीस हेल्मेट बघतो, विमा बघतो. डोळे बघायला त्याच्याजवळ काय आहे?

माणसे लपवतात, त्यालाही कारण आहे. लायसन्स सोडले तर मांद्रे किंवा मये इथल्या माणसाने काळोख पडल्यावर दवाखान्यात जायचे कसे? नुसती कडक तपासणी आली तर लपवणेच वाढेल, असे मला वाटते. डिचोलीला वाहतूक खात्याचे कार्यालय आहे, पेडण्यालाही आहे. अंगणात २५ मीटरवर एक पट्टा रंगवावा, समोर एक जुनी प्लेट टांगावी आणि अर्ज घेणाऱ्याने एकेक डोळा झाकून वाचायला सांगावे. खर्च रंगाच्या एका डब्याचा. ज्याला वाचता येणार नाही त्याचा अर्ज फेटाळू नये, त्याला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. आपल्या वयात बहुतेकांचे दुखणे चष्म्याच्या नंबराचे नाहीतर मोतीबिंदूचे असते, आणि दोन्हींवर इलाज आहे.

माझे ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. तोवर गाडी मुलगा चालवतो, जरी माझे लायसन्स २०२९ पर्यंत वैध असले तरी.