परदेश दौरा आणि विम्याची सही



कृषी विभागाच्या अभ्यासदौऱ्यातून किंवा चौघांनी मिळून काढलेल्या सहलीतून आपल्यापैकी काहीजण आठ-दहा दिवसांसाठी हॉलंडला जातात. आल्समीरचा फुलांचा लिलाव, काचघरातले टोमॅटो, तिकडचे गोठे पाहावयाचे असतात. पासपोर्ट होतो, व्हिसाचा अर्ज भरून होतो आणि शेवटी एजंट म्हणतो, "काका, सगळ्यांत स्वस्तातला विमा टाकून देतो, इथे सही करा." बहुतेकजण करतात. त्या सहीविषयी आज लिहावयाचे आहे.

हॉलंड, जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड धरून युरोपातील २९ देशांचा एक गट आहे. त्याला शेंगेन म्हणतात. तेथल्या थोड्या दिवसांच्या व्हिसासाठी निदान ३०,००० युरोचा, म्हणजे सुमारे तीस लाख रुपयांचा विमा लागतो. तातडीचे उपचार, दवाखान्यातील भरती, आजाऱ्याला मायदेशी आणणे आणि दुर्दैवाने मृत्यू ओढवल्यास पार्थिव आणणे, एवढे त्यात असावे लागते. तो गटातल्या सर्व देशांत आणि मुक्कामाच्या सर्व दिवसांत चालला पाहिजे. परतीचे विमान चुकले तर काय, म्हणून दोन-तीन दिवस जास्तीचे धरावेत. इतके झाले की व्हिसावाल्यांचे समाधान होते. आपले व्हावयाचे राहते.

अर्जात एक प्रश्न असतो: पूर्वीचा काही आजार आहे का? पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या मंडळींत साखर किंवा रक्तदाब नसलेला माणूस शोधावा लागेल. एजंट म्हणतो, "नाही लिहा, उगाच हप्ता वाढेल." हे ऐकू नका. परक्या मुलुखात छातीत कळ आली आणि बिल कंपनीकडे गेले, की कंपनी आपल्या गावच्या डॉक्टरांचे जुने कागद मागवू शकते. त्यात गोळ्यांचे नाव निघाले की दावा नामंजूर होण्याची पाळी येते. मग तेथले बिल द्यावयाचे कशातून? थोड्या हप्त्यासाठी दोन एकर गहाण टाकण्याचा हा सौदा आहे.

खरे लिहिले म्हणजे काम संपले, असेही नाही. काही पॉलिसींत जुना आजार अजिबात धरत नाहीत. काहींत फक्त जिवावर बेतले तरच आणि तेही ठराविक रकमेपर्यंत धरतात. पॉलिसी निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा आणि उत्तर छापील कागदावर दाखवा म्हणा. तोंडी होकाराला काही किंमत नाही. साठीच्या पुढच्यांनी आणखी एक पाहावे. वर ३०,००० युरो लिहिलेले असते, पण काही पॉलिसींत आत खाटेचे भाडे, शस्त्रक्रिया, डॉक्टरांची फी यांना निरनिराळ्या लहान मर्यादा घातलेल्या असतात.

आपले आयुष्मान कार्ड आणि महात्मा फुले जन आरोग्य योजना परदेशात चालत नाहीत. घरचा मेडिक्लेमही सहसा भारतातल्या उपचारांपुरताच असतो.

सामान हरवणे, विमान उशिरा सुटणे या गोष्टी जाहिरातीत ठळक छापतात. त्यांच्यावर भुलू नये. बॅग पुन्हा घेता येते. त्यापेक्षा प्रत्येक बिलातली पहिली किती रक्कम आपण सोसावयाची, ज्याला एजंट डिडक्टिबल म्हणतात, ते विचारा. ठिबक पाहावयास इस्रायलला जाणाऱ्यांनी युद्धाविषयीची अट जरूर वाचावी. युद्धातली हानी विम्यात सहसा धरत नाहीत, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथे युद्ध पेटल्यापासून ती अट नुसती छापील राहिलेली नाही. अमेरिकेत लेकीकडे जाणार असाल तर रक्कम बरीच मोठी घ्या. तेथले दवाखाने फार महाग आहेत. माझ्या मते एक लाख डॉलरच्या खाली जाऊ नये.

पीकविम्यात ७२ तासांत कळवावयाचे राहिले म्हणून भरपाई हुकल्याचे अनेकांना आठवत असेल. इथेही तसेच आहे. दवाखान्यात भरती होण्यापूर्वी, ते जमले नाही तर लगेच नंतर, पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर फोन करावा लागतो. आजारी माणूस फोन करणार नाही. म्हणून तो क्रमांक, पॉलिसी क्रमांक आणि रोजच्या औषधांची नावे इंग्रजीत लिहून एक चिठ्ठी खिशात, एक खोलीतल्या सोबत्याकडे आणि एक घरी वहिनींकडे ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते हातातल्या पिशवीतच न्यावे. विमानाच्या पोटातल्या सामानात थंडीने गोठले तर ते निकामी होते.

विमा देश सोडण्यापूर्वीच घ्यावयाचा असतो. व्हिसा नाकारला गेला तर हप्ता परत मिळेल का, हेही आधी विचारून ठेवा. पॉलिसीवरचे नाव आणि पासपोर्ट क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. कागद इंग्रजीत असतो, तेव्हा घरात कॉलेजला जाणारी मुलगी असेल तर तिला जवळ बसवा आणि 'एक्सक्लूजन' असा मथळा असलेले पान सहीच्या आधी मराठीत सांगावयास लावा.