केमोथेरपीनंतरचा पेट-स्कॅन : तारखांची नोंद जवळ असू द्या

मालवण परिसरातील अनेक कर्करुग्ण पेट-स्कॅनसाठी रात्रभर प्रवास करून मुंबईस जातात. पुढे अहवाल हाती येतो आणि त्यात अस्थिमज्जा अधिक उजळल्याचा उल्लेख दिसला की रोग हाडांत पसरला, असे समजून घरात चूल पेटत नाही. पुष्कळदा त्यामागे रोग नसून उपचारच असतो.

परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन आले आणि ही तपासणी आपल्याकडे सुरू झाली. तीत शिरेवाटे एफडीजी हे साखरेसारखे किरणोत्सारी द्रव्य देतात. बहुतेक कर्कपेशी ते अधिक ओढून घेतात व चित्रात उजळतात. मात्र साखर अधिक वापरणारी कोणतीही पेशी अशीच उजळते. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठी फिलग्रास्टिमसारखे इंजेक्शन दिले, की अस्थिमज्जा झपाट्याने कामाला लागते आणि पाठीचा कणा व कमरेची हाडे सर्वत्र सारखी उजळतात. रोगाच्या खुणा बहुधा तुटक, विखुरलेल्या असतात. याउलट, केमोथेरपी नुकतीच झाली असेल तर उरलेल्या कर्कपेशीही काही काळ मंदावतात आणि चित्र वस्तुस्थितीपेक्षा स्वच्छ दिसू शकते.

म्हणून उपचार चालू असताना स्कॅन केमोथेरपीनंतर निदान १० दिवसांनी, शक्यतो पुढील मात्रेच्या थोडे आधी करतात. उपचार संपल्यावर काही आठवडे थांबतात. वरील इंजेक्शननंतर साधारणतः २ आठवडे, तर दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रकारानंतर त्याहून अधिक अंतर ठेवतात. नेमकी तारीख तुमचे डॉक्टरच ठरवतील.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एका कागदावर शेवटच्या केमोथेरपीची तारीख, पांढऱ्या पेशींच्या इंजेक्शनचे नाव व दिनांक आणि मधुमेहाची औषधे लिहून स्कॅन केंद्रात द्यावीत. मेटफॉर्मिनने आतडी उजळतात. तरीही ते स्वतःहून बंद करू नये. जुने अहवाल सोबत न्यावेत. दिलेली वेळ पाळावी, कारण यातील फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होत जाते.

अहवाल हाती आला म्हणजे निकाल लागला, असे नव्हे. तो या तारखांसह तज्ज्ञांनी वाचल्यावाचून रुग्णापाशी बऱ्यावाईटाचा शब्द काढू नये.